मोरोविंड नव्यानं खेळणाऱ्यांसाठी: पहिले दहा तास कसे काढायचे

तलवार खेकड्याच्या पाठीतून आरपार जाताना डोळ्यांना स्वच्छ दिसते आणि खेकड्याला काहीही होत नाही. पुन्हा वार, पुन्हा तेच. सहा-सात वार हवेत गेले की खेकडा तुमचाच जीव घेतो. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी मोरोविंड सोडला, त्यांनी तो इथंच सोडला: पहिल्या अर्ध्या तासात, गावाबाहेरच्या चिखलात. मीही सोडला होता. वर्षभरानं पुन्हा हात घातला तेव्हा कळलं की गेम बिघडलेला नव्हता. मी याच मालिकेतल्या नंतरच्या स्कायरिम या गेमच्या सवयी घेऊन त्यात शिरलो होतो आणि इथं त्या चालत नाहीत.

बेथेस्डाचा हा गेम २००२ सालचा. एल्डर स्क्रोल्स मालिकेतला तिसरा. ऑब्लिव्हियन २००६ मध्ये आला आणि स्कायरिम २०११ मध्ये. कथा घडते व्हार्डनफेल नावाच्या बेटावर. बेटाच्या मधोमध रेड माउंटन हा ज्वालामुखी, भोवती राखेचे माळ, किनाऱ्यांवर दलदल आणि घराएवढ्या उंच अळिंब्या. स्थानिक लोक डार्क एल्फ, म्हणजे डनमर. बाहेरून आलेल्यांना ते 'न्वाह' म्हणतात आणि हा शब्द ते प्रेमानं वापरत नाहीत. तुम्ही न्वाह आहात. गेम तुम्हाला पाहुण्यासारखं वागवत नाही, सगळं विचारून, वाचून, पायी हिंडून शिकावं लागतं. एवढं मान्य असेल तर पुढचं वाचा. झटपट मारामारी हवी असेल तर दुसरे पुष्कळ गेम आहेत.

गेम बसवणं

स्टीम किंवा गॉग या गेमच्या ऑनलाइन दुकानांवर 'गेम ऑफ द इयर' आवृत्ती घ्या. तिच्यात ट्रायब्युनल आणि ब्लडमून ही दोन्ही विस्तारपॅकं येतात. सेल लागतात तेव्हा ती बरीच स्वस्त मिळते. गेम जुना आहे, त्यामुळे ऑफिसच्या साध्या लॅपटॉपवरही धावतो.

मूळ गेम थेट सुरू करण्यापेक्षा ओपनएमडब्ल्यू वापरा. स्वयंसेवकांनी नव्यानं लिहिलेलं हे फुकट इंजिन आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, मोठ्या स्क्रीनवर नीट दिसतं आणि मूळ इंजिनपेक्षा कमी वेळा कोसळतं. मात्र मूळ गेमच्या फायली तुमच्याकडे असाव्याच लागतात. इन्स्टॉल केल्यावर ते त्या फायली कुठं आहेत ते विचारतं, फोल्डर दाखवला की झालं. सेटिंगमध्ये दुसऱ्याच्या मालकीची वस्तू वेगळी दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. मूळ गेममध्ये समोरचा लोटा कुणाचा आहे हे कळायला काहीच खूण नसते आणि उचलला की पहारेकरी धावून येतो.

मॉडच्या, म्हणजे गेम बदलणाऱ्या चाहत्यांच्या फायलींच्या, मागे आत्ता लागू नका. मी दुसऱ्या प्रयत्नात तीन संध्याकाळी मॉड बसवण्यात घालवल्या आणि गेम खेळलो वीस मिनिटं. एकच सेटिंग आठवणीनं करा: 'ऑलवेज यूज बेस्ट अटॅक' चालू ठेवा. ते बंद असेल तर तुम्ही चालता कुठल्या दिशेनं यावर वार कुठला होणार ते ठरतं आणि नवख्याला ते झेपत नाही.

जहाजातून उतरताना

गेम सुरू होतो कैद्यांच्या जहाजात. जिउब नावाचा सहकैदी तुम्हाला नाव विचारतो. (पुढच्या गेममध्ये हाच जिउब संत झालेला ऐकायला मिळतो, बेटावरची क्लिफ रेसर नावाची पाखरं त्यानं हाकलली म्हणून. ही पाखरं एकदा मागे लागली की त्याला संतपद का दिलं ते मनापासून पटतं.) पहारेकरी तुम्हाला सेडा नीन गावाच्या धक्क्यावर आणतो, तिथून जकात कचेरीत. तिथला म्हातारा कारकून तुमची नोंद करतो आणि याच नोंदीत पुढच्या शंभर तासांचं बरंवाईट ठरतं. घाई करू नका.

वंश दहा आहेत. पहिल्या खेपेला रेडगार्ड घ्या. लाँग ब्लेडमध्ये त्याला १५ गुण जास्तीचे मिळतात आणि अंगात दम असतो. ब्रेटन जादूसाठी चांगला. खाजीत आणि आर्गोनियन दिसायला मजेदार, पण त्यांच्या पायांत बूट बसत नाहीत आणि तोंड झाकणारं शिरस्त्राणही चालत नाही. पहिल्या खेळात ही अडचण कशाला?

मग क्लास, म्हणजे तुमच्या माणसाचा पेशा. तयार २१ क्लास आहेत, त्यातले काही अगदी फसवे. स्वतःचा बनवा. एकूण २७ स्किल, त्यातली ५ मेजर आणि ५ मायनर निवडायची. मेजर ३० पासून सुरू होतात, मायनर १५ पासून, बाकीची सगळी ५ पासून. माझं सांगणं असं: मेजरमध्ये एक हत्यार आणि एकाच प्रकारचं चिलखत हवंच हवं. लाँग ब्लेड, मीडियम आर्मर, ब्लॉक, आर्मरर आणि अ‍ॅथलेटिक्स. मायनरमध्ये रिस्टोरेशन, मिस्टिसिझम, अल्केमी, सिक्युरिटी आणि स्पीचक्राफ्ट. स्पेशलायझेशन कॉम्बॅट. आवडीचे दोन अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे अंगचे मूळ गुण, स्ट्रेंग्थ आणि एन्ड्युरन्स. थोडं तलवारीचं, थोडं कुऱ्हाडीचं, थोडं धनुष्याचं असं सगळं ताटात वाढून घेऊ नका.

जन्मरास १३ पैकी एक. 'लेडी' घ्या: पर्सनॅलिटी आणि एन्ड्युरन्स दोन्ही २५ नं वाढतात. 'स्टीड' घेतली तर चालण्याचा वेग वाढतो, आणि तोही सुरुवातीला बराच उपयोगी पडतो, कारण तुमचा माणूस सुरुवातीला लग्नाच्या वरातीसारखा चालतो. 'अ‍ॅट्रोनॅक'च्या वाटेला जाऊ नका. जादूची ताकद भरपूर मिळते, पण झोपून ती परत भरत नाही.

वार का चुकतो

आता त्या खेकड्याकडे येऊ. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा गेम जिंकला.

तलवार समोरच्याला टेकली की नाही हे मोरोविंड बघतच नाही. प्रत्येक वाराला तो आतल्या आत फासा टाकतो. लागण्याची शक्यता अशी निघते: हातातल्या हत्याराचं स्किल, अधिक अ‍ॅजिलिटीचा पाचवा हिस्सा, अधिक लकचा दहावा हिस्सा. या बेरजेला तुमच्या दमानं गुणायचं. दम पूर्ण असेल तर १.२५ नं, दम संपला असेल तर ०.७५ नं. त्यातून समोरच्याचं चुकवण्याचं कसब वजा होतं.

उदाहरण घेऊ. वर सांगितलेला रेडगार्ड: मेजरचे ३०, वंशाचे १५, कॉम्बॅट स्पेशलायझेशनचे ५, म्हणजे लाँग ब्लेड ५०. अ‍ॅजिलिटी ४०, लक ४०. बेरीज ६२. समोरच्याचं कसब धरलं नाही, तर दम भरलेला असताना शंभरातले सुमारे ७७ वार लागायला हवेत, धापा टाकत असेल तर ४६. आता याच माणसाच्या हातात अशा जातीचं हत्यार द्या ज्याचं स्किल ५ आहे. बेरीज १७. दम पूर्ण असताना २१, दम गेल्यावर जेमतेम १३. बहुतेक नवखे नेमकं हेच करतात. कचेरीत टेबलावर खंजीर पडलेला दिसतो, तो उचलतात, शॉर्ट ब्लेडचा गंध नसताना तो घेऊन गावाबाहेर धावत सुटतात आणि धावल्यामुळे दम संपतो. खेकडा बिचारा जागेवरच असतो.

दम म्हणजे खाली डावीकडची हिरवी पट्टी. लाल पट्टी जिवाची, निळी जादूची, त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. हिरवीकडे कुणी बघत नाही. खरं तर पहिल्या दहा तासांत बघायची ती हीच. धावलं की ती उतरते, उडी मारली की उतरते, वार केला की उतरते. मंत्र यशस्वी होणं, कुलूप उघडणं, दुकानदाराशी घासाघीस, लोकांना पटवणं, या सगळ्यांना तीच गुणते. म्हणून साधा नियम: शत्रू दिसला की धावणं थांबवा आणि चालत जा. लढाईआधी पट्टी भरू द्या. सौदा करण्याआधीही दोन मिनिटं उभे राहा किंवा तासभर थांबण्याची कळ दाबा. धापा टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला इथंही भाव मिळत नाही.

माऊसचं बटन दाबून धरलं तर वार जोराचा बसतो, नुसतं टिचकावलं तर हलका. हत्यार झिजलं की मार कमी बसतो, म्हणून दोन-तीन दुरुस्तीचे हातोडे जवळ ठेवा.

सेडा नीन: एक दिवस इथंच काढा

कचेरीतून बाहेर पडताना मधल्या छोट्या अंगणात एक पिंप आहे. त्यात अंगठी सापडते. ती घ्या. पुढच्या खोलीत सेलस ग्रॅव्हियस हा अधिकारी उभा असतो. तो तुम्हाला सुटकेचे पैसे, एक पाकीट आणि बाल्मोरा गावातल्या कायस कोसाडेस या माणसाचं नाव देतो. मुख्य कथा एवढ्यावर सुरू झाली. ती लगेच पुढे न्यायची सक्ती नाही, आणि नेऊही नका.

दाराबाहेर पडलात की फारगॉथ नावाचा बुटका वुड एल्फ तुम्हाला गाठतो आणि हरवलेल्या अंगठीबद्दल विचारतो. ती देऊन टाका. अंगठी कामाची आहे हे खरं, पण दिल्यावर फारगॉथ खूश होतो आणि त्याचा मित्र अरिलही. अरिल म्हणजे गावातला दुकानदार. त्याच्या मनात तुमच्याबद्दल चांगलं मत झालं की भाव सुधारतो. आणि अंगठी कायमची गेली असं कुठं आहे?

अरिलच्या दुकानात खाली माल, वर खाणावळ. वर ह्रिस्कार नावाचा नॉर्ड बसलेला असतो. फारगॉथ पैसे कुठं लपवतो ते शोधून काढ, असं तो सांगतो. रात्री दीपस्तंभाच्या माथ्यावर चढा आणि गावाकडे बघत राहा. अंधारात फारगॉथ हातात दिवा घेऊन, मागेपुढे बघत, दलदलीतल्या एका खोडाशी जातो आणि परत येतो. खोडात त्याची पुंजी असते, सकाळी तुम्ही दिलेली अंगठीसुद्धा. नकाशावर बाण नाही, चमकणारी रेघ नाही. वर उभं राहायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. मला हा गेम आवडायला लागला तो या खोडापासून. फारगॉथबद्दल थोडं वाईट वाटतं, पण ते आपलं आपण बघून घ्यावं.

गावाबाहेरच्या दलदलीत एक प्रेत पडलेलं सापडतं. हा गावचा कर वसूल करणारा अधिकारी. अंगावर २०० नाणी आणि वसुलीची वही. हे कचेरीतल्या त्याच म्हाताऱ्या कारकुनाला जाऊन सांगा. तो पैसे परत मागतो आणि खुन्याला शोधायला लावतो. कोणी मारलं, का मारलं, हे गावात चार जणांशी बोललात की उलगडतं, आणि वही वाचलीत की मेलेल्याची फारशी कीव येत नाही. काम पुरं केलंत तर ५०० नाणी मिळतात. या टप्प्यावर ही रक्कम फार मोठी आहे.

पूल ओलांडला की जवळच्या टेकाडात अडामासार्टस ही गुहा आहे. आत तस्कर आणि पिंजऱ्यात गुलाम. कागदावर ही नवख्यांची गुहा, पण आत जादू येणारी बाई आहे आणि ती निष्काळजी माणसाला सहज मारते. दारातच पहिल्याला गाठा, दम भरू द्या, मग पुढे. त्यांच्याकडची किल्ली घेऊन गुलामांना सोडवता येतं.

सेव्ह करण्याबद्दल इथंच सांगतो. एफ ५ दाबलं की झटपट सेव्ह होतं, पण त्या एकावर भिस्त ठेवू नका. दर तासाला वेगळं सेव्ह करा. मोरोविंडमध्ये कुणालाही मारता येतं, कथेला लागणाऱ्या माणसालाही. तसं घडलं तर भविष्यवाणीचा धागा तुटला अशा अर्थाची एक ओळ येते, आणि जुनं सेव्ह उघडा किंवा या बुडालेल्या जगात असेच राहा, असं गेम सांगतो. राहूही देतो.

बाल्मोराला जाताना

दोन मार्ग. पहिला सिल्ट स्ट्रायडरचा. गावाच्या टोकाला धक्का आहे, तिथं इमारतीएवढा उंच किडा उभा असतो आणि त्याच्या कवचात माणसं बसतात. ही इथली एसटी. थोडी नाणी देऊन बाल्मोरा, विवेक, सुरान किंवा ग्निसिस या गावांना जाता येतं.

दुसरा मार्ग पायी, पेलाजिएड गावावरून. पहिल्यांदा पायीच जा. रस्त्याच्या कडेला पाट्या आहेत, त्या वाचत जा. थोडं उत्तरेला गेलात की आभाळातून किंकाळी ऐकू येते आणि एक जादूगार धाडकन समोर पडून मरतो. हा तारहिएल. त्याच्या अंगावर उडीच्या मंत्राचे तीन कागद असतात, शेजारी वही. कागद वाचला की ७ सेकंद तुमची उडी हजारपट नव्हे, पण अ‍ॅक्रोबॅटिक्स हे उडीचं स्किल हजारानं वाढतं, आणि तुम्ही अर्धं बेट ओलांडता. तारहिएल एक गोष्ट विसरला: सात सेकंद संपल्यावर खाली यायचं कसं? जमीन जवळ आली की दुसरा कागद वाचायचा, किंवा पाण्यात पडायचं. मी पहिल्या वेळी दोन्ही केलं नाही. तारहिएलच्या शेजारी जागा मोकळी होती.

बाल्मोरा नदीकाठचं मोठं गाव. कायसचं घर कुणी नकाशावर दाखवत नाही. साउथ वॉल नावाच्या गुत्त्यात जाऊन मालकाला विचारा, तो सांगतो. कायस उघड्या अंगानं दार उघडतो, पाकीट वाचतो, तुम्हाला आपल्या माणसांत घेतो आणि म्हणतो: अजून कच्चा आहेस, जा, काहीतरी कामधंदा कर, मग ये. नवखे हे नुसतं बोलणं समजतात. तो खरंच सांगतोय. ऐका.

कामधंदा बाल्मोरातच आहे. तीन गिल्ड, म्हणजे संघटना: लढवय्यांची फायटर्स, जादूगारांची मेजेस आणि चोरांची थीव्ज. फायटर्स गिल्डची प्रमुख आयडिस फायर-आय पहिलं काम देते ते एका बाईच्या घरातले उंदीर मारण्याचं. मेजेस गिल्डमध्ये अजिरा नावाची खाजीत चार प्रकारच्या अळिंब्या आणायला सांगते; त्या सेडा नीनच्या दलदलीतच उगवतात, म्हणजे येतानाच वेचून आणल्यात तर पहिलं काम आल्याआल्याच पुरं. थीव्ज गिल्ड साउथ वॉलमध्येच, शुगर-लिप्स हबासीकडे. एक खोच लक्षात ठेवा. आयडिस पुढे एका संकेतवहीसाठी साउथ वॉलमधल्या सोटिल्डेवर तुम्हाला सोडते. चोरांच्या गिल्डमध्ये जायचं मनात असेल तर त्याआधीच जाऊन नाव नोंदवा. नंतर तिथं दार बंद होऊ शकतं. पुढे रेडोरान, ह्लालू आणि टेलवानी ही तीन घराणी भेटतात. त्यातल्या एकातच जाता येतं, पण ते दहा तासांनंतरचं.

पत्ता वाचणं

इथं 'नदीच्या पूर्वेच्या काठानं जा, दुसरा पूल सोडून दे, खडकाला वळसा घाल, मग डावीकडे दार' अशा भाषेत पत्ते मिळतात. म्हणजे आपल्याकडे गावात 'वडाच्या पारापासून खाली उतर, पाणंद लागेल' म्हणतात तसं. आवाज फक्त रामरामापुरता. बाकी सगळं बोलणं मजकुरात, आणि सगळं इंग्रजीत. वाचायचा कंटाळा असेल तर इथं निभाव लागत नाही.

तुम्हाला सांगितलेलं सगळं जर्नलमध्ये लिहिलं जातं, पण तारखेनुसार, एकाखाली एक. पन्नास पानं झाली की जुनं काम सापडत नाही. त्यात कामांची यादी वेगळी बघण्याचा पर्याय आहे, तो वापरा. तरीही मी शेजारी कागदी वही ठेवतो. माणसाचं नाव, गाव, काम आणि दिशा, एवढ्या चार गोष्टी. अधूनमधून पत्तेच चुकीचे निघतात. पूर्व म्हणून पश्चिम सांगणारी माणसं या बेटावरही आहेत. अर्धा तास शोधून दार सापडलं नाही तर पुन्हा जाऊन दुसऱ्या कुणाला विचारा.

लोकांशी बोलताना निळ्या शब्दांवर क्लिक करत जा. 'लिटल सिक्रेट' आणि 'लेटेस्ट रूमर्स' हे दोन शब्द प्रत्येकाजवळ दाबून बघावेत. कुणी तोंड उघडत नसेल तर त्याची स्तुती करा किंवा दहा नाणी सरकवा. लाच इथं अधिकृत बटन आहे.

बेटभर फिरणं

नकाशावर क्लिक करून उडी मारायची सोय नाही. त्याऐवजी वाहतुकीचं जाळं आहे आणि ते पाठ करावं लागतं. किडे जमिनीवरच्या गावांना जोडतात, होड्या किनाऱ्यावरच्या. मेजेस गिल्डमधला गाइड बाल्मोरा, आल्ड-रून, काल्डेरा, सादरिथ मोरा आणि विवेक या पाच ठिकाणी क्षणात पोचवतो.

त्यावर दोन मंत्र. आल्मसिवी इंटरव्हेन्शन डनमरांच्या जवळच्या ट्रायब्युनल मंदिरात नेतं, डिव्हाइन इंटरव्हेन्शन जवळच्या साम्राज्याच्या देवस्थानात. दोन्हींचे कागद दोन-दोन कायम जवळ ठेवा. गुहेत जीव जायची वेळ आली, ओझं जास्त झालं, वाट चुकली, तर एक कागद वाचला की तुम्ही गावात. मिस्टिसिझम थोडं वाढलं की मार्क आणि रिकॉल घ्या. मार्कनं जागा खुणावून ठेवायची, रिकॉलनं कुठूनही तिथं परत. माझी खूण कायम एका दुकानदाराच्या दाराशी असते.

गावात रस्त्यावर झोपणं गुन्हा आहे. खोली भाड्यानं घ्या. आणि विस्तारपॅकं बसवलेली असतील तर सुरुवातीच्याच एखाद्या रात्री काळ्या चिलखतातला मारेकरी तुम्हाला झोपेतून उठवेल. घाबरून जाता, पण तो मेला तर त्याचं चिलखत विकून लखपती होता येतं. ब्लडमूनचं बेट सोल्स्थाइम. खूल गावाच्या धक्क्यावरून होडीनं जाता येतं. आत्ता जाऊ नका. तिथले लांडगे या दहा तासांतल्या माणसाला नाश्त्याला खातात.

पैसा

प्रत्येक दुकानदाराकडे रोजची नाणी ठरलेली. महागडी तलवार मिळाली तरी ती घेणारा कोण? काल्डेरातल्या ओर्कांच्या घोराक वाड्यात क्रीपर नावाचा एक छोटा राक्षस बसलेला आहे. त्याच्याकडे ५००० नाणी असतात आणि तो पूर्ण किमतीनं माल घेतो. दिवसभर थांबलात की पुन्हा ५०००. बेटाच्या आग्नेय टोकाकडच्या एका लहान बेटावर बोलणारा खेकडाही आहे, त्याच्याकडे १०,०००. तो सापडायला वेळ लागतो. हातातली तलवार म्यान केल्याशिवाय जाऊ नका; इतके खेकडे मारल्यावर सवयीनं त्यालाच मारून बसलेले लोक मी पाहिलेत.

चोरलेली वस्तू ज्याची चोरली त्यालाच विकायला जाऊ नका. तशा जातीची कुठलीही वस्तू तो आपलीच समजतो. आणि खिशात मून शुगर किंवा स्कूमा हे नशेचे पदार्थ असतील तर बरेचसे दुकानदार व्यवहारच करत नाहीत. आधी ते बाहेर कुठंतरी टाकून या.

मिळालेल्या पैशातून पहिली खरेदी शिकवणीची करा. गिल्डमधले शिक्षक पैसे घेऊन स्किल वाढवतात. लाँग ब्लेड ५ गुणांनी वाढवलं तरी फरक हाताला जाणवतो. मात्र स्किल ज्या अ‍ॅट्रिब्यूटखाली येतं त्याच्या पुढे शिकवणी जात नाही.

लेव्हल

मेजर-मायनर मिळून १० वेळा स्किल वाढलं की झोपल्यावर लेव्हल वाढते आणि तीन अ‍ॅट्रिब्यूट वाढवता येतात. ज्या अ‍ॅट्रिब्यूटखालची स्किल जास्त वापरली त्याला जास्तीत जास्त ५ मिळतात. यावर लोक तक्ते करून बसतात. तुम्ही बसू नका. एकच लक्षात ठेवा: प्रत्येक लेव्हलला जीव वाढतो तो एन्ड्युरन्सच्या दहाव्या हिश्शानं, आणि मागचं भरून मिळत नाही. म्हणून दर वेळी तिघांत एन्ड्युरन्स असू द्या, १०० होईपर्यंत.

अल्केमीत एक पळवाट आहे. बुद्धी वाढवणारं औषध प्यायचं, त्या बुद्धीनं आणखी जोरकस औषध करायचं, ते प्यायचं, असं करत आकडे आभाळाला भिडतात. गंमत म्हणून एकदा करून बघा, पण वेगळ्या सेव्हवर. त्यानंतर खेळायला काही उरत नाही.

पुन्हा कायसकडे

चौथी-पाचवी लेव्हल झाली, हिरवी पट्टी बघायची सवय लागली, बाल्मोराचे रस्ते पाठ झाले, की कायसचं दार वाजवा. तो तुम्हाला फायटर्स गिल्डमधल्या हास्फाट अँटाबोलिसकडे पाठवतो. हास्फाटला माहितीच्या बदल्यात एक ड्वेमर, म्हणजे इथल्या नामशेष झालेल्या जमातीची, कोड्याची पेटी हवी असते, आर्कंगथांडच्या अवशेषांतून. मूनमॉथ किल्ल्यावरून पूर्वेला जा, राखेच्या घळीवर जुना पूल लागतो. पुलाजवळ सांगाडे उठवणारा दरोडेखोर असतो. त्याला आधी गाठा, सांगाड्याला नाही. पूल ओलांडून वर टेकडीवर गेलात की दार सापडत नाही, कारण ते बंद असताना दारासारखं दिसतच नाही. जवळच्या नळावर एक चाक आहे, ते फिरवा.

आत पेटी शोधताना मोठा पेटारा शोधू नका. मी तसा शोधत दोन रात्री घालवल्या. ती मुठीत मावेल एवढा चौकोनी ठोकळा आहे, एका फळीवर इतर भंगारात ठेवलेला. फळ्या बघा, खालच्यासुद्धा.